गादी नव्हे, जागा

आमच्या घरीं निवडणुकीचा विषय निघाला कीं पंक्तीचीं दोन टोकें दोन पक्षांचीं होतात. वडील दीर एका बाजूचे, धाकटे दुसऱ्या बाजूचे. सासूबाई दोहींकडचें ऐकून घेतात आणि ताक वाढावयास सांगून वाद मिटवितात. एरवीं हा वाद व्हावयाचा तो “यांनीं पांच वर्षांत केलें काय?” या एका प्रश्नावर. २०२४ च्या लोकसभेच्या वेळीं मात्र हा प्रश्न विचारावा कोणास, हेंच कळेना. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजीं अकालीं निवर्तले, आणि पुढें जवळजवळ वर्षभर ती जागा रिकामीच राहिली होती.

पूर्वीचा अधिकारी उभाच नाहीं अशी निवडणूक इतरत्र नवलाची नाहीं. अमेरिकेंत राज्याचा गव्हर्नर लोकच मतें देऊन निवडतात; व्हर्जिनिया राज्यांत तर त्यास लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहण्याची मनाईच आहे. दर चार वर्षांनीं तेथें पाटी कोरी होते. आपल्या घटना समितीनेंहि १९४७ सालीं लोकनियुक्त राज्यपालाची कल्पना मान्य केली होती. १९४९ मध्यें ती सोडून राष्ट्रपतींनीं नेमणूक करावी असें ठरलें. तेव्हां आपल्याकडे अशी निवडणूक आमदार-खासदारांचीच, आणि तीहि बहुधा मृत्यूनें ओढवलेली.

कायद्यास ही अडचण ठाऊक आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल, किंवा निवडणूक घेणें कठीण आहे असें आयोगानें प्रमाणित केलें, तरच सूट मिळते. त्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून पंधरवडाभर अधिक. तरीहि पोटनिवडणूक झाली नाहीं. पुण्यासहि गिरीश बापट यांच्या निधनानंतर असेंच झालें. तेथील प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें पोटनिवडणुकीचा आदेश दिला, आणि जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. तोंवर सार्वत्रिक निवडणूकच दाराशीं आली होती.

रिकाम्या जागेनें आमचें काय अडलें, असें कोणी विचारील. २६ जुलै २०२३ रोजीं लोकसभेनें वनसंवर्धन कायद्यांतील दुरुस्ती संमत केली. ज्या मुलुखांत जंगल दाराशीं येतें आणि वाघ गुराख्यावर झडप घालतो, त्या चंद्रपूरच्या वतीनें त्या दिवशीं तेथें बोलावयास कोणी नव्हतें. २० सप्टेंबरला स्त्रियांच्या राखीव जागांचें विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनीं संमत झालें; त्या ४५४ मध्येंहि आमचें मत नव्हतें.

हें झालें दिल्लीचें. घरचें सांगावयाचें तर, आमच्या शेतावरील सालदाराच्या मुलाची हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. साहाय्यनिधीच्या अर्जास खासदारांचें शिफारसपत्र जोडा, असें एका कचेरींत सांगण्यांत आलें. कोणत्या खासदारांचें? धाकट्या भाऊजींनीं ओळखीपाळखी काढून राज्यसभेच्या एका सभासदांचें पत्र मिळविलें. मुलगा आज शाळेंत जातो. पण ज्यांस आमच्यासारख्या ओळखी नाहींत, त्यांच्या मुलांचें काय झालें असेल, हा विचार कित्येक दिवस मनांतून जाईना.

१९ एप्रिल २०२४ रोजीं मतदान झालें. एका बाजूस दिवंगत खासदारांच्या पत्नी, वरोऱ्याच्या तेव्हांच्या आमदार प्रतिभा धानोरकर. दुसऱ्या बाजूस राज्याचे तेव्हांचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार. आमच्या माजघरांत कळवळा एकीकडेच होता, आणि तो खोटा नव्हता. सासूबाईंस १९६४ साल आठवलें. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार आदल्या वर्षीं वारले होते. लालश्याम शाह यांनीं राजीनामा दिल्यामुळें चांद्याची लोकसभेची जागा रिकामी झाली, आणि पोटनिवडणुकींत ताई कन्नमवार तेथून निवडून गेल्या. साठ वर्षांनीं पुन्हां तोच देखावा! प्रतिभाताई २,६०,४०६ मतांनीं विजयी झाल्या.

माझें माहेर गडचिरोलीकडचें. तेथें त्याच दिवशीं मतदान होतें, पण अशोक नेते हे विद्यमान खासदार स्वतः उभे होते. दहा वर्षांचा हिशेब समोर होता. लोकांनीं तो तपासला आणि नामदेव किरसान यांस निवडलें. निकाल कोणास रुचो वा न रुचो, तेथें विचारणारा आणि ज्यास विचारावयाचें तो, दोघेहि समोरासमोर होते. आमच्याकडे दुःख होतें, आदर होता; हिशेब तेवढा नव्हता.

म्हणून मतदार भोळा असतो असें मात्र नव्हे. प्रतिभाताई दिल्लीस गेल्यानें वरोऱ्याची विधानसभेची जागा मोकळी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्यें तेथें त्यांचे बंधु त्यांच्याच पक्षातर्फे उभे राहिले, आणि लोकांनीं दुसऱ्या पक्षाचे करण देवतळे निवडले. शोकांत साथ देणें ही माणुसकी. ती वतनासारखी घराण्याकडे चालत जात नाहीं, हें पांच महिन्यांतच दिसून आलें.

विधवा स्त्रीनें पुढें येऊन कारभार हातीं घ्यावा, यांत मला अभिमानच वाटतो. परंतु तिला केवळ कुणाची पत्नी म्हणून मत देणें यांत तिचाहि मान नाहीं. जुना हिशेब मागतां येत नसेल, तर नव्या हिशेबाचें पहिलें पान आपणच घालावें. आमच्या घरीं वाणसामानाच्या वहींत शेवटचीं चार पानें मीं आतां त्यासाठीं ठेविलीं आहेत: जंगल, कोळसा, रेल्वे, दवाखाना. कोणी काय वचन दिलें, संसदेंत काय प्रश्न विचारला, तें तारखेसह लिहून ठेवतें. दोन्ही दीर आपापल्या बाजूचें लिहावयास सांगतात, आणि मी दोघांचेंहि लिहितें. पुढील निवडणुकीस कोणी उभें राहो, वहीं मात्र कोरी असणार नाहीं.