जात्यावर ती, डफावर तो
गिरणगावात आम्ही वाढलो तेव्हा शनिवारी रात्री चाळीच्या चौकात डफ कडाडला की माणसं ताटावरून उठून खाली यायची. दिवसभर साच्यावर उभे राहिलेले बाप्ये गायला बसायचे. गाण्यात वगाचं सोंग असो की लावणीचा ठेका, गोष्ट बहुधा तीच: तो मुंबईत, ती गावाला.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आईबापांबरोबर चालत मुंबईला आले, गिरणीत राबले आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभे राहिले. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड अशाच परगावी आलेल्या नवऱ्याच्या तोंडची. बायकोपासूनची ताटातूट त्यांनी बेळगाव-कारवारच्या महाराष्ट्रापासूनच्या ताटातुटीशी नेऊन भिडवली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला संयुक्त महाराष्ट्र वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

आता त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आहेत. मुलगा दुबईत असो की बंगळुरात, रात्री व्हिडिओ कॉलवर घरातली भाजीसुद्धा त्याला दिसते. हे फार चांगलं झालं. तेव्हाचा दुरावा गाण्यात गोड वाटायचा, जगायला नाही.

तेव्हा पगार झाला की शेजारचे काका मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन यायचे. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून आम्ही शाळकरी पोरं लिहायचो. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपाला जेमतेम दोन-तीन ओळींची जागा. पैसे पोचल्याचं कळव, म्हस विकू नको, पोरीला शाळेत घाल. मग काका थांबायचे. अजून काही सांगायचं असे, पण पोराच्या हातून ते कसं लिहवून घेणार? तेवढी जागा कोरी जायची. गावी पोस्टमन तो तुकडा फाडून द्यायचा, काकू अंगठा उठवायच्या आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या. जे त्या तुकड्यावर मावलं नाही, ते काका शनिवारी चौकात गायचे.

काकूंना जातं होतं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, दूर गेलेल्याची वाटही आहे. पण पहाटेची ती ओवी नवऱ्याच्या कानी पडली नाही आणि त्याची लावणी तिच्या. त्याच्या गाण्यात ती नटून-थटून झुरत बसायची. प्रत्यक्षात ती खुरपत होती, सासूचं करत होती, तापलेलं पोर कडेवर घेऊन वैद्याकडे धावत होती.

विजेची चक्की आली, जातं अडगळीत गेलं. ते परत यावं असं दळण दळलेली कुठलीच बाई म्हणणार नाही. चौकातला डफही थांबला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर कित्येक काका वळकटी बांधून कायमचे गावी परतले. ताटातूट संपली ती अशी, हातात काम नसताना. त्यावर गाणं रचायला कुणाचा जीव होणार?

आज आमच्या इमारतीचा रखवालदार बिहारचा. त्याची बायको रोज रात्री फोनवर त्याला फैलावर घेते: पैसे कमी का आले, सुटीचं काय झालं. आमच्या काकूंना हे कधी जमलं नाही, म्हणून तिचं ते फैलावर घेणं ऐकून आम्हाला मनापासून बरं वाटतं. पण फोन ठेवला की तो भोजपुरी बिरहा, म्हणजे विरहाचं गाणं, लावतो. म्हणजे रोज बोलूनही काही उरतंच. आपल्या दुबईतल्या, बंगळुरातल्या पोरांचंही उरत असणार. त्यांच्यासाठी कुणी छक्कड रचत असेल तर आम्हाला ती ऐकायची आहे, आणि या खेपेला तिच्या तोंडची.