नसलेल्या देशाचा वकील

पेशवाईच्या कागदपत्रांत परदरबारी ठेवलेल्या प्रतिनिधीला ‘वकील’ म्हणत. त्याच्यामागे दौलत असे, फौज असे. निदान तहात देण्याघेण्यास मुलूख तरी असे. मिखाऊ चायकोव्स्की यांच्यामागे यांतले काहीच नव्हते. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. यांचा जन्म १८०४ चा. ज्या स्वतंत्र देशाची वकिली त्यांनी केली, तो त्यांनी कधी पाहिलाच नाही.

१८३०-३१ चा उठाव फसल्यावर ते फ्रान्समध्ये आले आणि कोसॅकांवरील कादंबऱ्यांमुळे नावारूपाला आले. निर्वासितांचे पुढारी प्रिन्स आदाम चार्तोरिस्की यांनी १८४१ साली त्यांना इस्तंबूलला धाडले. रशियाचा शत्रू तो आपला मित्र, असा साधा हिशेब. १८४२ मध्ये बॉस्फरसच्या आशियाई बाजूच्या रानात पोलिश निर्वासितांसाठी एक वस्ती उभी राहिली. प्रिन्सच्या नावावरून तिला आदामपोल म्हणू लागले.

पुढे रशियाने त्यांच्या हकालपट्टीसाठी दबाव आणला, तेव्हा १८५० मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते सादिक झाले. क्रिमियन युद्धात त्यांनी सुलतानासाठी कोसॅक पलटण उभारली. महाकवी आदाम मित्सकेविच १८५५ साली तिच्या छावणीत येऊन गेले आणि त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये वारले. १८५६ च्या पॅरिस तहात पोलंडला काहीच मिळाले नाही.

१८७२ मध्ये सादिक पाशांनी झारची माफी पत्करली. ते कीव्हला परतले, ऑर्थोडॉक्स झाले आणि १८८६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

अशा माणसाला गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. पहिले धर्मांतर काम चालू ठेवण्यासाठी होते; दुसऱ्याच्या वेळी कामच उरले नव्हते. दोन्हींना एकच शब्द लावता येणार नाही. वकिलाची निष्ठा धन्याच्या हुकमावरून मोजतात. धनीच अस्तित्वात नसेल, तर तीस वर्षे ती कशाच्या आधारावर टिकवायची? १८७२ च्या माफीचे समर्थन आम्ही करीत नाही. सायबेरियात खितपत पडलेल्यांना असा परतीचा मार्ग मिळाला नव्हता.

मात्र त्यांच्या साऱ्या खलित्यांना आणि पलटणींना जे साधले नाही, ते त्या वस्तीला साधले. पोलंड १९१८ साली पुन्हा उभा राहिला, तोवर रानातले ते गाव टिकून होते. आजही ते आहे. तुर्क त्याला पोलोनेझकोय म्हणतात, म्हणजे पोलिश लोकांचे गाव.