हवा आजची, ऋतुमान तीस वर्षांचं

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरातून एक फोटो येतो. वेण्णा तलावाच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरेशुभ्र हिमकण. 'महाबळेश्वर गोठलं' अशी बातमी लागते आणि खाली पहिलीच कॉमेंट ठरलेली असते: "कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?"

गेली वीसेक वर्षं सातारा-सांगलीच्या बातम्या करतोय. हा प्रश्न टिंगल म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण विचारणारी माणसं शहाणी असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी हिमकणांचं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र मोठी. अशा रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि गवताच्या पात्यालगतची हवा शून्याजवळ जाते. त्याच वेळी माणसाच्या उंचीवर थर्मामीटर धरला तर तो कितीतरी जास्त दाखवतो. म्हणजे ही त्या रात्रीची, त्या तलावाकाठची गोष्ट झाली. त्यावरून पृथ्वीचा ताप मोजता येत नाही. मे महिन्यात एक दिवस ४२ अंश झालं म्हणूनही तो मोजता येत नाही, हेही तितकंच खरं.

घोळ आपल्या शब्दात आहे. आजचा पाऊस सांगणारं ते हवामान खातं आणि शंभर वर्षांत जे घडतंय तो हवामान बदल. दोन्हीकडं शब्द एकच. आपल्याकडची जुनी माणसं मात्र असा घोळ करत नाहीत. ढग आले की "वातावरण आलंय" म्हणतात. आणि पारावर बसून "ऋतुमान बदललं बाबा" म्हणतात, तेव्हा ती आजच्या ढगाबद्दल बोलत नसतात. मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांचा हिशेब तरी काय होता? पिढ्यान् पिढ्यांनी बांधलेली सरासरीच ती. शास्त्रज्ञ साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात. हवा म्हणजे आजची रोजकीर्द, ऋतुमान म्हणजे तीस वर्षांची खातेवही.

ही खातेवही सगळ्यात स्पष्ट दिसते ती पार उत्तरेला, ध्रुवाजवळ. तिकडं आपलंही एक घर आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुन नावाच्या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे. ते चालवणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. तिथल्या हिवाळ्यात आजही उणे वीसचे दिवस येतात. कॉमेंटवाल्यांना तिथंही फोटो मिळेल! पण १९७९ पासूनच्या नोंदी मांडल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं, आणखी तापतं, आणखी बर्फ वितळवतं.

तिथल्या रेनडियरांचे हाल ऐकून मला आपले द्राक्षबागायतदार आठवले. भर हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर काचेसारखा थर बसतो आणि जनावराला खालचा चारा मिळत नाही. पाऊस वाईट नाही, वेळ वाईट.

तासगाव, मिरज, पलूस पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागला की डावणी आणि घडकूज. माल तयार असताना पडला की मणी तडकतात. बेदाणा शेडवर असताना पडला की रंग गेला आणि भावही गेला. ओळखीच्या एका बागायतदार काकांकडं छाटणीची आणि फवारणीची बरीच जुनी वही आहे. ती चाळताना ते म्हणाले, "एक साल वाईट गेलं तर नशीब म्हणू. पण दर दोन-तीन सालाला तेच यायला लागलं तर त्याला काय म्हणायचं?" हवामान आणि ऋतुमान यांतला फरक मला कुठल्याच वर्गात इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता.

मग ध्रुवावरचा बर्फ वितळला म्हणून सांगलीत पूर आला का? इतकी सरळ रेघ कुणी ओढत असेल तर विश्वास ठेवू नका. वास्कोच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कारा समुद्रातला घटता उन्हाळी बर्फ आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध मांडला. पण 'शक्य' हा शब्द त्यांनी शीर्षकातच ठेवला. पुण्याच्या आयआयटीएममधल्या संशोधकांचा २०१७ चा निष्कर्ष आपल्या जास्त जवळचा आहे. १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात एकूण पाऊस घटला, पण मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

हे आपण पाहिलंय. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माण-आटपाडीकडं कित्येक वर्षी बारा महिन्यांत एवढा होत नाही. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेवर दरडी कोसळल्या.

आता मुद्द्याचं. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ ला ५७ फुटांवर, २०२१ ला पुन्हा ५४ फुटांवर. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. सोळा वर्षांत असे तीन पूर! सगळं खापर ऋतुमानावर फोडू नका. धरणांचे विसर्ग आहेत, बुजवलेले ओढे आहेत, नदीपात्रालगत चढलेले मजले आहेत. पण म्हणूनच ज्या नोंदींवरून '२५ वर्षं' आणि '१०० वर्षं' काढली, त्या जुन्या ऋतुमानाच्या असतील तर रेषाही जुनीच राहणार. आणि त्या रेषेच्या भरवशावर माणूस आयुष्याची कमाई घालून घर बांधतो.

पुराचं पाणी उतरलं की बातमी उतरते. पंचनामे होतात, मदत जाहीर होते, पुढच्या जूनपर्यंत विषय संपतो. आमच्या धंद्याला कालचं आज छापायची सवय, आणि ऋतुमान एका दिवसात घडत नाही, त्यामुळं त्याची हेडलाईन होत नाही.

म्हणून दोन साध्या मागण्या. एक, प्रत्येक महसूल मंडलाच्या पावसाची गेल्या तीस वर्षांची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आजच्या आकड्याशेजारी. दोन, पूररेषा ठरावीक वर्षांनी नव्या नोंदी धरून पुन्हा तपासल्या जाव्यात, आणि बांधकाम परवाना देताना ती ताजी रेषा समोर असावी.

आणि एक काम तुमचं. घरात जुनी छाटणीची वही असेल, विहिरीच्या पाण्याची नोंद असेल, आजोबांनी पुराच्या वेळी भिंतीवर केलेली खूण असेल, तर फोटो काढून ठेवा. पुढच्या ग्रामसभेला बरोबर घेऊन जा. साहेब "यंदा जरा जास्तच झाला" म्हणाले, की वही उघडून पुढं ठेवा.