काळ्या पाषाणाच्या मुलखात सायकलवरून

सायकल आपल्या घरांना नवी नाही. गिरणीत, कारखान्यात, नगरपालिकेत राबणाऱ्या कितीतरी माणसांची निम्मी हयात सायकलवर गेली. पुढच्या दांडीवर पोर, मागच्या कॅरिअरवर दळण आणि हँडलला जेवणाचा डबा, अशी आपली सायकल. मी स्वतः 33 वर्षे सायकलनेच कारखान्यात कामाला गेलो. परंतु सायकलवर बसून नुसता मुलूख बघायला जायचे, हे आपल्याकडे फारसे कोणी करत नाही. ती पैसेवाल्यांची हौस, असे म्हणून आपण सोडून देतो. म्हणूनच गेल्या डिसेंबरात मी आणि माझी धाकटी मुलगी कल्याणहून सायकलने जुन्नर आणि नाणेघाटापर्यंत गेलो, ती हकीगत वाचकांना सांगावीशी वाटते.

जाण्याला कारण घडले ते असे. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भूगर्भशास्त्र. पुढे तिला बाहेरगावी राहून एम.एस्सी. करायचे आहे. माझ्या फंडाचे थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून एक खोली वाढवावी, असे घरात चालले होते. नातेवाइकांचे म्हणणे, मुलीने दगड शिकून काय करायचे? बँकेच्या परीक्षा द्याव्यात, नोकरीला लागावे. माझे मत ठरलेले नव्हते. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, हो म्हणा की नाही म्हणा. पण आधी एकदा माझ्याबरोबर चला. मी काय शिकते ते डोळ्यांनी बघा, मग ठरवा." एसटीने गेलो असतो तर दुपारपर्यंत पोहोचलो असतो. पण एसटीच्या खिडकीतून डोंगर पळतो आणि सायकलवर तो पायांना कळतो, असे तिचे म्हणणे पडले.

माझी जुनी 24 इंची सायकल आणि तिची जुन्या बाजारातून घेतलेली गिअरची. दोन जादा ट्यूब, पंप, सोल्यूशन, पाना, चटणी-भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या एवढा संसार घेऊन पहाटे निघालो. कल्याण ते मुरबाड सुमारे 30 किलोमीटर. रस्ता फार त्रास देत नाही. टोकावडे जवळ आले की समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो. भिंतीवर आडव्या रेघा दिसतात, जणू एकावर एक भाकऱ्या रचून ठेवल्या आहेत.

मुलीने सायकल उभी केली आणि सांगू लागली. हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला. चित्रात दाखवतात तसा एकच टोकदार डोंगर येथे धूर ओकत नव्हता. एक थर वाहून थंड झाला, मग त्यावर दुसरा आला, असे कितीतरी थर साचले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या दगडाने झाकलेला आहे. शास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपण ज्याला काळा फत्तर म्हणतो, तोच हा बेसॉल्ट.

रात्री मुरबाडपलीकडे माझ्या साडूंकडे मुक्काम केला. जेवताना साडू म्हणाले, "भाऊ, रागावू नका, पण आपल्या आयाबायांनी जन्मभर दगडच फोडले. आता पोरीनं शिकूनसवरून परत दगडाकडंच जायचं का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. मुलगी ताटाकडे बघत राहिली. साडूंच्या बोलण्यात आकस नव्हता. त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून तर ते मला लागले.

दुसऱ्या दिवशी माळशेज घाट. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आहे आणि त्यातला बराचसा चढ त्या शेवटच्या काही किलोमीटरांत आहे. अर्धा घाट सायकल चालवून आणि अर्धा ढकलून आम्ही चढलो. या घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणूनच डिसेंबर निवडला होता. ट्रक जवळून गेला की भिंतीला लागून उभे राहायचे, दम घ्यायचा आणि पुन्हा निघायचे.

रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे थर हाताला लागतात. खालचा दगड भरीव, काळानिळा. वर वर जावे तसा तो आंबोळीसारखा भोकाभोकांचा होतो. लाव्हा थंड होताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात आणि बुडबुडे अडकून राहतात, त्यांची ही भोके. पुढे पाणी मुरून त्यांत पांढरी खनिजे भरली. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. एक थर थंड होऊन बराच काळ उघडा राहिला, त्याची माती झाली आणि मग दुसरा लाव्हा तिच्यावर आला. पावसाचे पाणी मुरते ते भोकांच्या दगडात आणि भेगांत. भरीव दगड लागला की ते अडते आणि कुठे कुठे झरा होऊन बाहेर पडते. एका गावात विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या गावात कोरडा खड्डा राहतो, याचे मोठे कारण दगडाच्या थरांत आहे.

ते ऐकताना मला माझी आई आठवली. आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले. 1972 च्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. एकदा कपची उडून तिच्या उजव्या डोळ्याला लागली. त्या डोळ्याने तिला शेवटपर्यंत अंधूक दिसे. ती नेहमी सांगायची, "बोलका दगड आणि मुका दगड यांत फरक आहे. हातोडा मारला की खणकन वाजतो तो कठीण, बद्द वाजतो तो लवकर फुटतो." मी हे मुलीला सांगितले. ती पटकन म्हणाली, "पप्पा, आजी बरोबर सांगायची. भरीव थर वाजतो, भोकांचा आणि कुजका बद्द बोलतो. आम्हीपण हातोडीनं असंच बघतो." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईची विद्या कॉलेजात शिकवतात, हे मला त्या घाटात कळले. फरक एवढाच, की आईला त्या विद्येची मजुरी घमेल्यावर मिळाली.

घाट संपल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी लागते. मढवरून गणेशखिंड ओलांडली आणि कुकडी नदीच्या खोऱ्यात उतरलो. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांत मिळून 200 हून अधिक लेणी आहेत. एका तालुक्याच्या गावाभोवती एवढी बौद्ध लेणी क्वचितच असतील. लेण्याद्रीला सुमारे 300 पायऱ्या चढून जावे लागते. 7 क्रमांकाच्या लेण्यात आज गणपतीचे देवस्थान आहे. मुळात तो भिक्खूंच्या खोल्या असलेला मोठा विहार. त्याच्या सभागृहात मध्ये एकही खांब नाही. मुलगी छताकडे बघत म्हणाली, "भरीव थर ओळखल्याशिवाय हे कोरताच आलं नसतं." दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनाही दगड वाचता येत होता.

शेजारच्या 6 क्रमांकाच्या चैत्यगृहात ब्राह्मी लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असे त्यात कोरले आहे. आम्हीही कल्याणहूनच आलो होतो, त्यामुळे ते ऐकून फार बरे वाटले. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या सात खोल्यांच्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पाण्याची टाकी दिली. त्या काळी परका माणूस पाणी दान देऊ शकत होता आणि ज्याला तहान लागेल तो पिऊ शकत होता. त्याच पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांना आपल्या माणसांना घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले. टाक्याच्या काठावर बसून मी मुलीला एवढेच म्हणालो आणि आम्ही बराच वेळ गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी नाणेघाट. जुन्नरहून सुमारे 30 किलोमीटर. जुन्या काळी कल्याणच्या बंदरातून माल याच वाटेने बैलांवर लादून वर येत असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा करत असत, असे सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात ब्राह्मी लिपीतले जुने अंक आहेत. खाली कोकण दिसते. वैशाखऱ्याकडे उतरणारी ती दगडी वाट पायीच उतरायची आहे, म्हणून आम्ही आल्या मार्गाने परतलो.

घरी आल्यावर मी साडूंना फोन केला. म्हणालो, "तुम्ही म्हणालात ते बरोबर. आपल्या बायांनी दगड फोडला. पण गावात विहीर कुठं काढायची, घाटातली दरड कधी सुटेल, बोगदा कुठं धरेल, हे त्याच दगडावरून ठरवणारी माणसं असतात. त्या खुर्चीवर आपली पोरगी बसली तर काय वाईट?" साडू थोडे थांबून म्हणाले, "वसतिगृहाचं बघा आधी. जेवणाची सोय नीट पाहिजे." खोलीचे काम पुढे ढकलले आहे. फंडाचे पैसे प्रवेशासाठी बाजूला ठेवले आहेत.

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. घाट उतरण्याआधी ब्रेकची रबरे तपासून घ्यावीत, दोन बाटल्या पाणी जास्त ठेवावे आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. लेण्यांच्या भिंतीवर नावे कोरू नयेत. मुलांना बरोबर न्यावे, मुलींना तर अवश्य न्यावे. त्या काय शिकतात, हे घरात बसून आपल्याला नीट कळत नाही.