बोटभर जागा

१९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि थोड्याच दिवसांत माझ्या वडिलांना, अण्णांना, मिसा कायद्याखाली तुरुंगात नेलं. मी तिसरीत होते, धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. मिसात खटलाच नव्हता, त्यामुळे सुटकेची तारीखही नव्हती. आईच्या हातात होती ती फक्त पोस्टातून आणलेली निळी अंतर्देशीय पत्रं.

आत काही ठेवू नये, अशी सूचना अंतर्देशीयवर छापलेली असते. आई ती मजकुरालाही लावायची, कारण पत्र आधी तुरुंगातले साहेब वाचणार. राजकारणाचं अक्षर नाही. चिंचा फोडल्या, गाय व्याली, मामा येऊन गेले. शेवटच्या घडीवर मी माझे पाढे कुठवर आले ते लिहायची. डिंकाच्या पट्टीशेजारी जी बोटभर जागा उरायची, तिथे धाकट्याच्या मुठीत पेन्सिल देऊन आई एक रेघ ओढून घ्यायची. अण्णांच्या उत्तरावर तपासल्याचा शिक्का असायचा आणि पहिली चौकशी त्या रेघेची: बाळ्या स्वतः ओढतो, की तू हात धरतेस?

१९७७च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. अण्णा आले तेव्हा एस.टी. स्टँडवर माणसं हार घेऊन उभी होती. पुढे कितीतरी वर्षं आलेल्या-गेलेल्यांना ती पत्रं दाखवली जायची. तुरुंगाची ही मानाची बाजू आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिलं, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. टिळक मंडालेच्या तुरुंगात असतानाच, १९१२ साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. मला गीतारहस्यापेक्षा ती बातमी टिळकांच्या हातात पडली असेल तो दिवस जास्त आठवतो.

दुसरी बाजू आम्ही २०१९मध्ये पाहिली. तोच धाकटा भाऊ एका पतसंस्थेत कारकून होता. अपहाराच्या गुन्ह्यात संचालकांबरोबर त्यालाही अटक झाली. अण्णा तोवर गेले होते. या वेळी दारात कुणी आलं नाही. आत्या तेवढी आली आणि म्हणाली, ‘‘वहिनी, पत्ता इंग्रजीत लिही, आणि पत्र लांबच्या पेटीत टाक.’’ आईनं ठसठशीत मराठीत भावाचं पूर्ण नाव, त्याखाली ‘न्यायाधीन बंदी’, बंदी क्रमांक आणि कारागृहाचा पत्ता लिहिला. ‘‘माझ्या पोराला लिहितेय, वन्सं,’’ एवढंच बोलली आणि पत्र आमच्याच पोस्टमनच्या हातात दिलं.

तुरुंगात भावाच्या मुलाखतीला मी जायची. पहाटे नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, नातं सांगायचं आणि पुकारा होईपर्यंत बाहेर बसायचं. जाळीच्या दोन्ही बाजूंनी सगळे एकदमच बोलत असतात. वकील, तारीख, मनीऑर्डर मिळाली का, एवढं ओरडून सांगेपर्यंत वेळ संपतो. बोलायचं राहिलेलं सगळं पत्रात जायचं. भाऊ पुढे सांगायचा, आईची पत्रं तो बराकीत दिवे लागल्यावर पुन्हा पुन्हा वाचायचा. शेजारच्या एका पोराला कुणाचंच पत्र येत नसे, तर तोही ही पत्रं वाचायला मागायचा.

२०२०मध्ये करोनामुळे प्रत्यक्ष मुलाखती बंद झाल्या. नंतर मोबाइलवर व्हिडिओ कॉल मिळू लागला. आता ई-मुलाकात आहे, घरबसल्या नोंदणी होते आणि लांबच्या नातेवाइकांचं भाडं वाचतं. ही सोय फार मोठी आहे. पण कॉल संपला की आतल्या माणसाकडे काही उरत नाही. कागद उरतो.

भाऊ आता जामिनावर आहे, खटला चालू आहे, निकाल कोर्ट देईल. मला मात्र ठाम वाटतं की आतल्या माणसाची विचारपूस करायला निकालाची वाट बघायची नसते. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. आणि ज्यांच्यावर सिद्ध झाला, त्यांनाही आई असते.

तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी आत असेल तर लाज बाजूला ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला १९८७च्या कायद्यानं मोफत वकिलाचा हक्क दिला आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत कच्चा कैदी म्हणून काढली असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९खाली त्याच्या सुटकेचा विचार व्हायला हवा. जन्मठेपेचे किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. हे वकिलाला आठवणीनं विचारा. आणि पत्र टाका. उत्तर आलं नाही तरी दुसरं टाका. आत प्रत्येकाकडे कागद-पेन असतंच असं नाही.