मंजुरीची सही

पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी कर्ज विभागात होते. सराफांची दुकानं आसपास असल्यामुळे सोनेतारणाची प्रकरणं भरपूर. जूनमध्ये मुलांच्या फीसाठी बायका सकाळीच पाटल्या-बांगड्या घेऊन यायच्या. तेव्हाचे साहेब प्रामाणिक आणि कष्टाळू होते, पण वीस हजारांचं कर्जसुद्धा त्यांच्या सहीशिवाय जात नसे. ते मुख्य कचेरीत मीटिंगला गेले की सराफाकडून वजन-कस होऊनही अर्ज पडून राहायचे आणि बाकावरच्या बायका दुपारपर्यंत ताटकळायच्या. "साहेब आले की सांगते," हे मी इतक्यांदा म्हणत असे की ग्राहक मला काही विचारीनासे झाले.

पुढे बदलून आलेल्या मॅडमनी मुख्य कचेरीची परवानगी आणली आणि आदेश-वहीत माझ्या नावाने लिहूनच दिलं. म्हणाल्या, "एक लाखापर्यंत तुम्ही ठरवायचं. मला विचारायला यायचं नाही. झालेली प्रकरणं संध्याकाळी दाखवायची, एवढंच."

खरी परीक्षा काही दिवसांनी झाली. एका जुन्या ठेवीदाराने आणलेले दागिने कुणाचे, याचं समाधानकारक उत्तर मिळेना, म्हणून मी कर्ज नाकारलं. ते तडक केबिनमध्ये गेले. मॅडमनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हा निर्णय त्यांचा आहे. आणखी कागद असतील तर त्यांनाच दाखवा." ते परत माझ्या टेबलाशी आले. त्या दिवसापासून सगळी शाखा मला अधिकारी मानू लागली. वहीतल्या आदेशाने ते झालं नव्हतं.

अधिकार द्यायचा आणि हिशेब सोडायचा नाही, ही रीत पुण्याला नवी नाही. 1730च्या दशकात बाजीराव पेशव्यांनी माळव्याचा कारभार शिंदे, होळकर, पवारांवर सोपवला. मोहीम कशी चालवायची, ते सरदार ठरवत. पण पेशवाईत सरदारांकडे फडणीस, मुजुमदार असे हिशेब पाहणारे दरकदार पेशव्यांच्या हुजुरातून नेमलेले असत आणि सरदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मॅडमचं संध्याकाळी प्रकरणं वाचणं त्याच जातीचं होतं. त्या प्रश्न विचारायच्या, चुकलेलं दाखवायच्या, पण झालेली मंजुरी फिरवत नसत.

एकदा तपासणीत निघालं की माझ्यासारखाच अधिकार मिळालेल्या एका सहकाऱ्याने हाराच्या वजनातून खड्यांचं वजन वजा केलंच नव्हतं, त्यामुळे कर्ज सोन्याच्या मानाने जास्त गेलं होतं. खुलासा मॅडमनी स्वतःच्या सहीने पाठवला. सहकाऱ्याचे अधिकार काढून घेतले नाहीत. महिनाभर त्याला सराफाशेजारी बसवून मूल्यांकन शिकायला लावलं.

आता संगणकात प्रत्येकाची मर्यादा भरलेली असते आणि तिच्यावरची रक्कम तो स्वीकारतच नाही. मर्यादेतला निर्णय वरिष्ठाने आतून फिरवला तर मात्र संगणकाला कळत नाही. गेली काही वर्षं मी स्वतः शाखा सांभाळते. नकार मिळालेला ग्राहक माझ्याकडे आला की मी त्याचं पूर्ण ऐकते आणि ज्याने नकार दिला त्याच्याकडेच परत पाठवते. ओळखीचा माणूस समोर बसलेला असताना हे जड जातं. तरी पाठवते.