तिसरा अंक नसलेली घरं

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पार्क स्लोप ही जुन्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांची वस्ती आहे. तिथल्या एका घरात वर कुटुंब राहायचं आणि तळघरात घरधन्याचा दवाखाना. घरधनी मनोविश्लेषक. बाहेरची माणसं यायची, खाली जायची, तासाभरानं वर येऊन रस्त्याला लागायची. त्याचा लहानगा मुलगा जमिनीला कान लावून खालचं बोलणं ऐकायची धडपड करायचा. शब्द कळायचे नाहीत, तेव्हा ते मनानंच भरून काढायचा. हा मुलगा म्हणजे १९६२ साली जन्मलेला ग्रेगरी क्रूडसन. पुढे त्यानं आयुष्यभर जे फोटो रचले, त्यांत माणसं घरातच असतात, काहीतरी भलतंच करत असतात आणि बोलत कधीच नाहीत.

१९९८ ते २००२ या काळातल्या त्याच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत एक माणूस न्हाणीघरात ओणवा झालाय. मोरीच्या भोकातून त्यानं हात खाली घातलाय. फोटो आपल्याला जमिनीच्या खालचाही भाग कापून दाखवतो, म्हणजे वर माणूस आणि खाली अंधारात चाचपडणारा हात, दोन्ही एकाच वेळी दिसतात. काय पडलंय त्याचं? अंगठी? की काहीच पडलेलं नाही आणि तरी शोधतोय? वडिलांचं तळघर ठाऊक नसलं तरी हा फोटो बोचतो. ठाऊक असलं, तर त्या हाताकडे फार वेळ बघवत नाही.

याच मालिकेत २००१ सालचा ‘ऑफिलिया’ आहे. पाण्यानं भरलेला दिवाणखाना, आणि पातळ झग्यातली एक बाई डोळे उघडे ठेवून पाठीवर तरंगतेय. दिवे चालू आहेत. तिच्या सपाता मात्र जिन्याच्या पायरीवर आहेत, कोरड्या. माझी नजर दरवेळी त्या सपातांवर जाऊन अडते. घरात पूर आल्यावर कुणी सपाता काढून ठेवत नाही. म्हणजे ती जिना उतरून आली, सवयीप्रमाणे सपाता काढल्या आणि पाण्यात शिरली. बुडण्याआधीही शिस्त सुटली नाही. मिलेनं एकोणिसाव्या शतकात रंगवलेली ऑफिलिया नदीत फुलांसकट वाहते. क्रूडसनची ऑफिलिया सोफा आणि टेबलाच्या मधोमध तरंगते, आणि मला तरी तीच जास्त ओळखीची वाटते.

हे फोटो ‘टिपलेले’ नाहीत, उभे केलेले आहेत. सिनेमाच्या युनिटसारखं मनुष्यबळ, प्रकाशयोजनेचा वेगळा प्रमुख, बांधलेले सेट, तिन्हीसांजेचा हवा तसा उजेड मिळेपर्यंत थांबणं, आणि बराच काळ आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा. एवढा सगळा खटाटोप एका चौकटीसाठी. त्यावर पहिली शंका कुणीही काढेल : मग यात खरं काय उरलं?

मराठी माणसाला ही शंका जरा कमी छळायला हवी. चौथी भिंत काढून टाकलेला दिवाणखाना बघत आपल्या पिढ्या वाढल्या. मध्यभागी सोफा, एका बाजूला बाहेरचं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरात जाणारा पडदा, मागे जिना असला तर असला. त्या प्लायवूडच्या भिंतींना कुणी खोटं म्हटलं नाही. १९७० साली ‘गिधाडे’ रंगमंचावर आलं तेव्हा प्रेक्षक हादरले ते घर खोटं आहे म्हणून नव्हे. फरक एवढाच, की आपल्या नाटकातली घरं बोलकी असतात. पहिल्या अंकात कुणीतरी चहा मागतं, दुसऱ्यात जुनी भानगड वर येते आणि तिसऱ्यात कुणीतरी सगळं ओकून मोकळं होतं. प्रेक्षक घरी जाताना माणसं ‘अशी का वागली’ हे बरोबर घेऊन जातो. रचलेल्या फोटोत सेट तोच, प्रकाश तोच, नट जागेवर उभे. फक्त संवाद काढून घेतलेले, आणि तिसरा अंक लिहिलेलाच नाही.

आता मंत्रचळ घ्या. ओसीडी म्हणून जो आता घराघरात माहीत झालाय, त्या विकारातल्या माणसाला विचारा, तू हात सातव्यांदा का धुतोस? हात स्वच्छ आहेत हे त्याला कळतं. तुम्ही सांगण्याआधीपासून कळतं. कळण्याचा आणि करण्याचा संबंधच तुटलेला असतो. मग नाटककारानं त्याच्या तोंडी काय घालावं? स्वगत लिहिलं तर ते खोटं होईल, कारण त्याच्याकडे कारण नाही, फक्त कृती आहे. आणि ती कृती संपत नाही. फोटोतला हात मोरीत गेला तो गेला. बाहेर येताना तो आपल्याला कधीच दिसणार नाही. इथे फोटोचा लंगडेपणाच उपयोगी पडतो.

जेफ वॉल या कॅनेडियन छायाचित्रकाराचा १९९४ सालचा ‘इन्सॉम्निया’ मला या बाबतीत क्रूडसनच्या चार पावलं पुढचा वाटतो. रात्रीचं स्वयंपाकघर. फिकट हिरवी कपाटं, पांढरा फ्रिज, वरून पडणारा निष्ठुर उजेड. टेबलाखाली जमिनीवर एक माणूस आडवा झालाय, डोळे उघडे. पूर नाही, गूढ धुकं नाही, सिनेमासारखी निळाई नाही. पण कपाटांची दारं अर्धवट उघडी राहिलीयत आणि खुर्च्या जागच्या हललेल्या आहेत. बघता बघता त्याची रात्र उलगडते. तो उठला असणार, हे कपाट उघडलं असणार, हवं ते सापडलं नाही, किंवा काय हवं होतं तेच विसरला. मग ते दुसरं दार, मग खुर्ची ओढून बसला, बसवेना, उठला. शेवटी टेबलाखालची जागा त्याला घरातली त्यातल्या त्यात बरी वाटली. हे सगळं दारांच्या कोनांवरून कळतं. वॉलनं ती दारं किती अंश उघडी ठेवायची हे ठरवताना केवढा जीव काढला असेल!

गंमत अशी, की वॉल आपली बनवाबनवी लपवतही नाही. १९७८ च्या ‘द डिस्ट्रॉइड रूम’मध्ये एका बाईची खोली उद्ध्वस्त पडलीय : गादी फाडलेली, कपडे आणि चपला विखुरलेल्या, खणांची उलथापालथ. प्रेरणा देलाक्रवाच्या सार्डानापालसच्या मृत्यूवरच्या भव्य चित्राची. पण बाजूच्या दारातून पाहिलं तर भिंतीला मागून दिलेले टेकू दिसतात. व्हँकूवरच्या एका गॅलरीनं तो पहिल्यांदा दाखवला तोही दुकानासारख्या दर्शनी काचेत, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असा. एवढ्या विध्वंसात कपाटावरची नाचणारी छोटी बाहुली मात्र ताठ उभी. रागाच्या भरात घर मोडणारा माणूसही एखादी वस्तू वगळतो. कुठली, आणि का, ते त्यालाही सांगता येणार नाही.

माझी एक मावशी घर सोडताना गॅसच्या बटणांवर बोट ठेवून मोजते. ‘बंद, बंद, बंद, बंद.’ मग सिलिंडरचा नॉब, मग नळ, मग गॅलरीची कडी. लिफ्ट येते, जाते. ती परत कुलूप उघडते. गेली काही वर्षं तिनं यावर तोडगा काढलाय : निघताना गॅसचा फोटो काढायचा. तिच्या फोनच्या गॅलरीत नातवंडांच्या आणि लग्नकार्यांच्या अधेमधे बटणांचे शेकडो फोटो आहेत. सगळे सारखे. ओटा पुसलेला, लायटर खिळ्याला, चारी बटणं उभी, कोपऱ्यात कधी स्टीलच्या डब्याचा गोल. आणि एकाही फोटोत माणूस नाही. एखाद्या संग्रहालयानं भिंतभर लावावेत असे ते फोटो आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, आधी तुझं डोकं तपासून घे.

पण तोडगा चालला नाही, आणि का चालला नाही हे फार बघण्यासारखं आहे. दादरला उतरल्यावर ती फोटो उघडते आणि तिला नवी शंका येते : हा आजचा की कालचा? तारीख बघते. आजचीच. मग फोटो काढल्यावर मी दूध गरम केलं का? फोटो त्या एका क्षणाचा साक्षीदार. आधीचं-नंतरचं त्याला विचारायचं नाही. क्रूडसन ज्याच्या जोरावर आपल्याला तासभर खिळवून ठेवतो, तीच उणीव मावशीला दादरवरून घरी परत पाठवते.

फोटो करणाऱ्यांचं तरी काय वेगळं? सँडी स्कॉग्लंडच्या १९८० च्या ‘रेडिओअॅक्टिव्ह कॅट्स’मध्ये करड्या स्वयंपाकघरात एक म्हातारं जोडपं आहे आणि ओट्यापासून फ्रिजपर्यंत जिकडेतिकडे झगझगीत हिरव्या मांजरी. तारेच्या जाळीवर प्लास्टर थापून त्या सगळ्या तिनं स्वतः घडवल्या, एकेक करून. पुढच्याच वर्षी निळ्या शयनगृहात नारिंगी मासे. एकच आकार पुन्हा, पुन्हा, पुन्हा. क्रूडसन तर उघडच म्हणतो, की प्रत्येक कलावंताकडे सांगायला मुळात एकच गोष्ट असते. त्याचं काम सलग पाहिलं की याची प्रचीती येते : तीच तिन्हीसांज, तीच उघडी राहिलेली दारं, तीच खिडकीशी थबकलेली बाई. याला शैली म्हणायचं, कारण त्याचं पुस्तक निघतं.

आणि इथेच माझं क्रूडसनशी थोडं वाजतं. त्याचे फोटो फार देखणे आहेत. पाण्याला आलेली चमक, चेहऱ्यावर पडलेला तो महागडा उजेड... दुःख इतकं नीटस झालं की बघणारा सुखावतो, आणि सुखावला की सुटतो. खऱ्या मंत्रचळाला असा उजेड नसतो. त्याला ट्यूबलाइट असते, उशीर होत असतो, खाली रिक्षावाला हॉर्न मारत असतो आणि घरातलं माणूस म्हणत असतं, ‘अगं बाई, चल आता!’ वॉलच्या स्वयंपाकघरातला उजेड निदान त्या ट्यूबलाइटच्या नात्यातला आहे.

मावशीनं आता फोटो सोडून व्हिडिओ सुरू केलाय. त्यात बटणावर तिचा हात दिसतो आणि ‘बंद, बंद’ हे तिच्याच आवाजात ऐकू येतं. मी विचारलं, आता बरं वाटतं का? म्हणाली, ‘बरंच बरं. फक्त शेवटपर्यंत बघायला लागतो, आणि मध्येच कुणी बोललं की पहिल्यापासून.’